घड्याळ म्हणतं २१५०, वही म्हणते १६४०: वजनाच्या ऑपरेशननंतर रोजचा कॅलरीखर्च कसा काढायचा

गेल्या पावसाळ्यात मनगटावरचं घड्याळ मला रोज रात्री सांगायचं की आज तुम्ही २१५० कॅलरी खर्च केल्या. वहीत लिहिलेलं खाणं १८०० च्या आत-बाहेर. म्हणजे रोज साडेतीनशेची तूट. त्या हिशेबानं तीन आठवड्यांत किलोभर वजन उतरायला हवं होतं. उतरायचं राहिलं बाजूला, चारशे ग्रॅम वाढलं. काटाच बिघडला असेल म्हणून घरात आलेलं तांदळाचं पंचवीस किलोचं कट्टं त्यावर ठेवून पाहिलं. काट्यानं २५.१ दाखवलं. काटा ठणठणीत होता.

मी लातूरची, शाळेत नोकरी. तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरला माझं स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी जठर लहान करण्याचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११६ किलो. सोळाव्या महिन्यात ७२ वर आले, आणि मग हळूहळू ७६ झाले. एवढं वर जाणं बहुतेकांचं होतं, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण हे चार किलो कुठून आले ते मला कळायला हवं होतं. ते कळण्याची जी रीत मला सापडली ती इथे पायरीपायरीनं लिहिते. रीत जुनीच आहे, दुकानदाराच्या खतावणीसारखी: आवक किती आणि शिल्लक किती हे पक्कं माहीत असेल, तर खर्च आपोआप निघतो.

आधी हे: वही कधी उघडायची

ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात या भानगडीत पडू नका. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, भुकेचं एक संप्रेरक (घ्रेलिन) मुख्यतः तिथेच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकच नसते. त्या काळातलं काम वेगळं: पुरेसं प्रथिन, घोट घोट पाणी, गोळ्या. वजन उतरायचं थांबून दोन-तीन महिने एका जागी राहिलं की मग वही. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ एक ते दोन वर्षांदरम्यान येते. सुरू करण्याआधी आहारतज्ज्ञांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय खाणं कमी-जास्त करूच नका.

पायरी पहिली: बसून किती जळतं

काही न करता, नुसतं पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू असतात. दिवसभराच्या खर्चातला सर्वात मोठा वाटा हाच, साधारण ६० ते ७० टक्के. तो काढायला मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाई असेल तर त्यातून १६१ वजा, पुरुष असेल तर ५ मिळवा.

माझं आजचं: ७६० + ९८७ − २२० − १६१, म्हणजे १३६६. ऑपरेशनच्या दिवशी हाच आकडा १७८१ होता. काहीही न करता रोजचे चारशे गेले! लोक म्हणतात, "पूर्वीपेक्षा निम्मं खाते तरी वजन का वाढतंय?" त्याचं अर्धं उत्तर या वजाबाकीत आहे. शरीर लहान झालं, तर त्याचं वीजबिलही लहान झालं. त्यातून खूप वजन उतरलेलं शरीर सूत्रापेक्षाही थोडं काटकसरीनं वागू शकतं. म्हणून हा आकडा अंदाज समजा, पेन्सिलीनं लिहा.

पायरी दुसरी: चालण्याचा खरा भाव

हालचालीचा खर्च मेटमध्ये मोजतात. शांत बसणं म्हणजे १ मेट. स्वयंपाकघरात उभ्यानं काम २ च्या पुढेमागे, झाडलोट सव्वातीन, साधी चाल साडेतीन, हातानं धुणं ४, झपझप चाल सव्वाचार. हिशेब असा: मेटमधून १ वजा करा, उरलेल्याला वजनानं आणि तासांनी गुणा. १ वजा का, तर तेवढं बसूनही जळलंच असतं. ते वरच्या पायरीत धरलेलं आहे, पुन्हा धरलं तर एकाच पावतीचे दोनदा पैसे घेतल्यासारखं होईल.

माझी पाऊण तासाची साधी चाल: २.५ × ७६ × ०.७५, म्हणजे १४२. त्याच चालीला घड्याळ ३१० दाखवायचं. ११६ किलोची असताना तीच चाल २१७ ची होती. अंगावर चाळीस किलोचं ओझं घेऊन चालत होते ना तेव्हा.

पावलांत सांगायचं तर माझ्या वजनाला हजार पावलं म्हणजे साधारण २५ कॅलरी. हे ऐकून आमच्या शाळेतल्या एक बाई हिरमुसल्या. मला मात्र बरं वाटलं, कारण त्या दिवसापासून "आज चालले आहे, एक धपाटं जास्त चालेल" हा माझा रोजचा युक्तिवाद बंद पडला.

घड्याळाबद्दल थोडं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांनी चांगले मोजले. कॅलरीत मात्र सर्वात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वात वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणून घड्याळ फेकू नका, पण त्याच्याकडून फक्त पावलं घ्या. गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त हललो की कमी, एवढं ते इमानदारीनं सांगतं. कॅलरीचा चौकोन पडद्यावरून काढून टाकता येतो. मी टाकला.

पायरी तिसरी: ताट

इथे वेळ द्या, कारण चूक होते ती इथेच.

अ‍ॅपमध्ये "एक भाकरी" असं लिहिलं की एक आकडा येतो. तो कुणाच्या भाकरीचा? आमच्याकडची भाकर परातभर असते. एक दिवस किचनचा छोटा काटा चुलीपाशी नेला आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्या, थांबा जरा, पीठ तोलू द्या." त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "भाकरीला कुठं तोलत असतेत व्हय? सोनं हाय का ते?" तरी गोळा करण्याआधी त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. कोरडं पीठ भरलं ८५ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३५ कॅलरी, म्हणजे ती एक भाकर २८५ ची. माझी पाऊण तासाची चाल म्हणजे त्यातली अर्धी. आता माझ्यासाठी त्या ४० ग्रॅमची वेगळी भाकर थापतात, आणि तिला "बाळाची भाकर" म्हणतात.

कोरडं पीठ, कच्ची डाळ, कच्चे तांदूळ तोला. शिजल्यावर पाणी किती धरलं त्यावर वजन बदलतं, आणि पातळ वरणाची वाटी व घट्ट वरणाची वाटी यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

तेलाचं मी असं केलं. आमच्या घरात माणसं पाच, महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो तेल, ग्रॅमला ९ कॅलरी. माणशी रोज पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या! वहीत मी "भाजी, १ वाटी, ६०" लिहीत होते. मग आमची तेलाची पळी तोलली. तिच्यात २२ ग्रॅम मावतं, म्हणजे एक पळी २०० कॅलरी. आता कढईत किती पळ्या पडल्या ते विचारते, कढईतला माझा वाटा अंदाजानं सहावा की आठवा ते पाहते आणि लिहून टाकते. इतकंच. सगळं घर वेठीला धरायची गरज नाही.

दुसरा चोर शेंगदाणा. आपल्या भागात कूट नाही अशी भाजी सापडणं अवघड, शिवाय ताटाच्या कडेला चटणी. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ५६० च्या वर कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, १७० ला जातात. वाईट काही नाही त्यात, फक्त लिहायला हवं. "चटणी लावून" असं म्हणत आपण ती मोजायची टाळतो.

तिसरा, आणि ऑपरेशनवाल्यांसाठी सर्वात लबाड: जे सरकून जातं. भाकर-उसळीनं लहान झालेलं पोट चार घासांत भरतं. पण चहा, लस्सी, आइस्क्रीम, फरसाण, बिस्किटं पोटात थांबत नाहीत. दोन चमचे साखर आणि थोडं म्हशीचं दूध घातलेला एक कप चहा ९० च्या घरात. शिक्षकांच्या खोलीत दिवसाला तीन कप झाले, शिवाय चार वाजताचा मुठीमुठीनं चिवडा. माझे चार किलो बहुतेक त्या खोलीतूनच आले.

प्रथिन वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. मला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगितलं आहे, तुमचा आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या. प्रथिनाच्या स्वतःच्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के ते पचवण्यातच जातात, आणि स्नायू टिकतात. ताटात आधी प्रथिन, मग भाजी, शेवटी भाकर. आमच्या लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या थप्प्या लागतात आणि घरात सोयाबीनची वडी कुणाला चालत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. ३० ग्रॅम कोरड्या वडीत १५ ग्रॅम प्रथिन मिळतं. काळा मसाला घालून केली की आमच्याकडे आता मुलंही मागतात.

पायरी चौथी: रोजचं वजन

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. काटा शहाबादी फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. आकडा लिहा आणि विसरून जा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो: आदल्या रात्रीचं लोणचं, पाळी, बद्धकोष्ठ, एसटीचा लांबचा प्रवास, यातलं काहीही किलोभर इकडेतिकडे करतं. सात दिवसांची बेरीज करून सातानं भागा. तो सरासरीचा आकडा खरा.

रोज काट्यावर उभं राहून ज्यांचा दिवस खराब होतो त्यांनी आठवड्यातून दोनदा करावं, चालतं.

पायरी पाचवी: वहीतून खर्च काढणं

चार आठवडे झाले की बसा. माझे आकडे समोर मांडते.

पहिल्या आठवड्याची वजनाची सरासरी ७६.१. चौथ्याची ७६.५. वाढ ०.४ किलो. अंगावरच्या एका किलो चरबीला ढोबळमानानं ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे ०.४ ला ३०८०. पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत २१ दिवस, म्हणून ३०८० भागिले २१, साधारण १५०. एवढं रोज जास्त गेलं. वहीतल्या खाण्याची रोजची सरासरी होती १७९०. त्यातून १५० वजा केले, उरले १६४०. हा माझा रोजचा खर्च.

वजन उतरलं असतं तर वजा न करता मिळवायचं.

आता कुणी म्हणेल, वहीत तू सगळं थोडंच लिहितेस. बरोबर आहे. मुलाच्या डब्यातलं उरलेलं, भाजीची चव बघताना घेतलेला चमचा, देवळातला प्रसाद, यातलं निम्मं सुटतं. खरा खर्च कदाचित १७५० असेल. पण पुढच्या महिन्यातही मी तेवढंच विसरणार आहे! वहीच्या भाषेत १६४० खाल्लं की वजन जागेवर राहतं, मला एवढंच हवं. दुकानाचा काटा पाच ग्रॅम कमी दाखवत असेल आणि आपण कायम त्याच काट्यावर मोजत असू, तर आपल्यापुरतं माप जमतं. गोंधळ होतो तो खाणं एका काट्यावर आणि खर्च दुसऱ्यावर मोजल्यानं. माझं तेच झालं होतं: खाणं वहीतून घेत होते, खर्च घड्याळातून.

म्हणून चार आठवडे लिहिण्याची पद्धत मध्येच बदलू नका. तेल पळीनं मोजायचं ठरलं तर शेवटपर्यंत पळीनं.

आकडा हातात आल्यावर

मला रोजचे दीडशे कमी करायचे होते. शाळेतल्या तीन चहांपैकी एक बंद केला, एक बिनसाखरेचा केला आणि चिवड्याच्या डब्यापासून लांबच्या खुर्चीवर बसायला लागले. बाकी ताट तसंच ठेवलं. एकदम चारशे-पाचशे कापायचा मोह होतो, तो टाळा. आपलं पोट आधीच लहान, त्यातून कापलं की पहिलं जातं ते प्रथिन, मग केस गळतात, चक्कर येते, स्नायू उतरतात. स्नायू उतरले की बसून जळणारा आकडा आणखी खाली.

त्याच कारणासाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. जिम लागत नाही. रबरी पट्टा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. वीस मिनिटं पुरे. वहीत याच्या कॅलरी लिहायच्या नाहीत, नुसती टिकमार्क.

वजनाला पट्टा आखून घ्या. माझा ७५ ते ७७. साप्ताहिक सरासरी सलग दोन आठवडे ७७ च्या वर राहिली की वही पुन्हा पूर्ण लिहायला घेते, एरवी फक्त वजन आणि पावलं. पूर्ण हिशेब तीन महिन्यांतून एकदा. वर्षभर रोज प्रत्येक घास लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना जेवणाची चव राहत नाही.

मे महिना

आपल्याकडे खर्चाचा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, शाळेला सुट्टी, कूलरसमोरून कुणी उठत नाही. माझी पावलं ६४०० वरून ४१०० वर आली होती. फरक २३०० पावलांचा, म्हणजे रोज ६० कॅलरी, महिन्याला पाव किलोच्या जवळपास. त्यात लग्नसराई आणि आमरस. उपाय एकच, साडेपाचला बाहेर पडणं आणि सातच्या आत घरात. पाणी एकदम गटागटा पिता येत नाही आपल्याला, म्हणून बाटली सोबत, दर दहा मिनिटांनी दोन घोट. जेवताना नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, हा नियम उन्हाळ्यातही तोच.

जेवणानंतर एक ते तीन तासांत चालताना हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, बसा, सोबतच्या माणसाला सांगा. बायपास (हृदयाचं नव्हे, वजनासाठीचं जठराचं) झालेल्यांत, कधी स्लीव्हवाल्यांतही, साखर अशी एकदम उतरू शकते. डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा आणि वही सोबत न्या. कधी काय खाल्लं हे लिहिलेलं असेल तर त्यांचं काम सोपं होतं. वारंवार उलट्या, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, दिवस राहणं: यातलं काहीही झालं तर कॅलरीचा हिशेब बंद, आधी दवाखाना. आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या वजन जागेवर आलं म्हणून सोडायच्या नसतात.

आणि सण

चार आठवड्यांच्या वहीत तीन-चार दिवस कोरे राहिले तरी हिशेब जमतो. कोऱ्या दिवसांत अंदाजाचा आकडा भरू नका. ते सोडून द्या आणि लिहिलेल्या दिवसांचीच सरासरी काढा. फक्त ते दिवस सगळेच सणाचे असतील तर सरासरी जरा कमी येते, हे लक्षात असू द्या.

यंदा येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन करायचा आमच्याकडचा सण) नेमकी माझ्या नंतरच्या एका वहीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. आख्खं लातूर रिकामं, सगळे शेतात. कडब्याची कोप (खोपटं), पूजा, मग पंगत: भज्जी, आंबील, उंडे, खीर. सासूबाईंनी माझ्या पत्रावळीवर दोन चमचे भज्जी वाढली, थोडं थांबून अजून एक वाढला आणि म्हणाल्या, "काटा आणला न्हाईस ना?" वहीत त्या तारखेला एकच शब्द आहे, येळवस. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ७६.९, तिसऱ्या दिवशी ७६.६, आठवड्याची सरासरी ७६.३.